‘मला वाचनाचा कंटाळा येतो’ म्हणणाऱ्या मुलांसोबत: वाचनाशी असलेलं नातं वर्गात कसं उलगडायचं

“सर, माले वाचाना कटाळा येस.” धुळे-जळगावकडच्या कुठल्याही सातवीच्या वर्गात हे वाक्य ऐकायला मिळतं. त्यावर आपलं उत्तरही ठरलेलं असतं. वाचनाचे फायदे सांगायचे, पेटीतलं एक पुस्तक हातात द्यायचं, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करून ग्रुपवर फोटो टाकायचे. मूल होतं तिथेच राहतं, कारण त्या वाक्याच्या पोटात काय आहे हे कोणी विचारलेलंच नसतं. एकाला चौथीत उभं करून वाचायला लावलं होतं आणि वर्ग हसला होता. दुसऱ्याला जोडाक्षरं अजून अडतात, पण सातवीत ते सांगायची लाज वाटते. तिसरीच्या घरी संध्याकाळी बसायला कोपरा नाही. चौथ्याला आजवर मिळालेलं एकही पुस्तक त्याच्या आवडीचं नव्हतं. चौघंही एकच वाक्य बोलतात आणि आपण चौघांना एकच औषध देतो.

मुलाने जास्त वाचावं असं वाटत असेल, तर आजवर वाचनाने आपल्याशी काय केलं हे आधी त्याला स्वतःला कळलं पाहिजे. ते कळायला कशी मदत करायची याची पद्धत पुढे देतो आहे. पाचवी ते दहावीच्या वर्गांना ती चालते. भाषेच्या शिक्षकांनी करावी हे उत्तम, पण गावातल्या ग्रंथपालांना किंवा शिकलेल्या ताई-दादालाही सुट्टीत करता येईल.

वेळ कोणती धरायची

आठवड्याला एक तासिका, असं एक सत्र पुरतं. सुरुवात जुलैत करा. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते आणि पट भरलेला असला तरी बाकं रिकामी असतात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात तर दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात आणि मुलंही सोबत जातात. ज्या मुलांना या कामाची सर्वांत जास्त गरज आहे, तीच नोव्हेंबरात वर्गात नसतात. म्हणून पहिली चार पावलं श्रावण संपायच्या आत टाकून व्हायला हवीत.

साहित्य फार लागत नाही. प्रत्येकाला एक कोरी वही द्या, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली असली तरी चालेल. पहिल्याच दिवशी सांगा की या वहीला गुण नाहीत, शुद्धलेखनाचा लाल शेरा नाही आणि मुलाला विचारल्याशिवाय ती कोणी वाचणार नाही. सांगितलं की पाळा. एकदा जरी कोणाच्या वहीतलं वाक्य परिपाठात मोठ्याने वाचलं गेलं, तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्या वह्यांत ‘वाचन हा मानवाचा खरा मित्र आहे’ एवढंच सापडेल.

पहिलं पाऊल: आधी आपण बोलायचं

मुलांना विचारण्याआधी तुमची स्वतःची वाचनाची गोष्ट पाच-सात मिनिटांत सांगा. घरात पहिलं छापील काय होतं? कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं? कोणत्या काळात वाचन सुटलं? आता मोबाईलवर काय वाचता? खरं तेच सांगा. डीएडनंतर कित्येक वर्षं परीक्षेच्या मार्गदर्शिकांखेरीज काही वाचलं नसेल, तर तेही सांगा. शिक्षकाचीही पुस्तकं सुटतात हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो आणि ती खरं लिहायला धजावतात. ‘मी तुमच्याएवढा होतो तेव्हा रात्र रात्र वाचायचो’ ही गोष्ट मात्र राहू द्या. ती ऐकून बहुतेक मुलांना आपण कमी आहोत एवढंच कळतं.

दुसरं पाऊल: वाचन म्हणजे काय काय, याची यादी

एक दिवसाचा गृहपाठ द्या: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत डोळ्यांखालून जी जी अक्षरं गेली ती लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरून जातो. एसटीची पाटी, खताच्या गोणीवरचा मजकूर, बियाण्याचं पाकीट, किराणा दुकानाची उधारीची वही, लग्नपत्रिका, रेशन कार्ड, क्रिकेटचा स्कोअर, व्हॉट्सॲपवर आलेलं निवेदन, गाण्याचे मोबाईलवरचे बोल, देवळातली आरती. यावल-रावेरकडचं मूल केळीचे भाव लिहील, शहाद्याकडचं कदाचित साखर कारखान्याची पावती लिहील.

मग विचारा: यातलं कोणतं तुम्ही कोणासाठी तरी वाचलं? इथे बरीच माहिती हाती लागते. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं प्रमाण वडिलांना वाचून दाखवणारी मुलगी, आजीला आलेलं बँकेचं पत्र समजावणारा मुलगा, दवाखान्यात आईचा केसपेपर वाचणारं मूल, अशी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. घरातली पहिली वाचणारी व्यक्ती म्हणून ती जबाबदारीचं वाचन करत असतात आणि तरीही वहीत ‘मी वाचत नाही’ असं लिहितात, कारण वाचन म्हणजे धडा आणि खालचे प्रश्न अशी त्यांची समजूत आपणच करून दिलेली असते. अशा मुलाला तिथल्या तिथे नाव घेऊन सांगा की हे वाचन आहे, आणि अवघड वाचन आहे.

तिसरं पाऊल: वाचनाची वाट

वहीच्या मधल्या दोन पानांवर एक वाट काढायला सांगा. एका टोकाला लहानपण, दुसऱ्या टोकाला आज. वाटेत जिथे चढ वाटला तिथे चढ, जिथे मजा आली तिथे झाड, जिथे पाय घसरला तिथे खड्डा. चित्र नीट आलं नाही तरी काही बिघडत नाही. चित्र काढताना मुलं जे बोलतात ते निबंधात कधी उतरत नाही.

अडलं तर हे प्रश्न एकेक करून द्या, सगळे एकदम नकोत. तुला पहिल्यांदा कोणी गोष्ट सांगितली किंवा वाचून दाखवली? पहिलं अक्षर कोणाकडून शिकलास? वाचताना कधी लाज वाटली? एखादं पुस्तक किंवा एखादं पान पुन्हा वाचावंसं वाटलं का? वाचन आवडत होतं आणि मग थांबलं असं झालं का, कुठल्या इयत्तेत? तुझ्या वाचनाबद्दल कोणी बोललेलं एखादं वाक्य लक्षात आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मुलं वेळ घेतात, तो द्या. आणि खड्ड्याची जागा दाखवताना एखादं मूल गप्प झालं, तर ‘सांग ना’ म्हणून मागे लागू नका. खूण केली एवढं पुरे. खड्डा बहुतेक वेळा प्रकट वाचनाच्या तासाचा असतो हे तुमच्या लवकरच लक्षात येईल, आणि मग आपल्या वर्गात ओळीने उभं करून वाचायला लावण्याची पद्धत चालू ठेवायची की नाही, हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. माझ्या मते ती बंद करावी. मोठ्याने वाचनाची तपासणी करायची असेल तर ती व्हरांड्यात, एकट्याची, हळू आवाजात व्हावी.

चौथं पाऊल: घरच्या भाषेला जागा

आपल्या भागात हे पाऊल गाळून चालणार नाही. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, तडवी, भिली, पावरी, नवापूरकडे मावची आणि कोकणा आदिवासींची कोकणी, तांड्यावर गोरमाटी. मूल घरी एका भाषेत जगतं आणि पुस्तकात वेगळीच मराठी भेटते. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मुलासाठी तर पाठ्यपुस्तकाची मराठी ही शिकून घेतलेली भाषा असते. वाचन कठीण जातं ते कित्येकदा भाषेमुळे, आणि मूल समजतं की आपलं डोकंच कमी आहे.

अहिराणी बोलणारं मूल ‘शाळा’ हा शब्द पाहून ‘शाया’ म्हणतं, ‘डोळा’ला ‘डोया’, ‘जवळ’ला ‘जवय’. यात वाचनाची चूक काहीच नाही. मुलाने अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थ मनात आला आणि तो घरच्या उच्चारात बाहेर पडला. एवढं सगळं बरोबर झालेलं असताना आपण मध्येच थांबवून ‘ळ म्हण, ळ’ करत बसलो, तर अर्थाचा धागा तुटतो आणि पुढच्या ओळीला मूल फक्त आपल्या चेहऱ्याकडे बघत वाचतं. उच्चार शिकवायचा असेल तर वेगळ्या वेळी शिकवा, वाचून झाल्यावर. मुलाने ‘शाळा’ऐवजी ‘शेळी’ वाचलं तर मात्र ती वाचनाची अडचण आहे. हा फरक कानाला कळू लागला की निम्मं निदान झालं.

वहीत घरच्या भाषेत लिहायची मोकळीक द्या. ‘तुले काय आवडस?’ असा प्रश्न शिक्षकाने फळ्यावर लिहिला की वर्गात आधी हसू फुटतं आणि मग खरी उत्तरं येतात. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर मुलाला शिकवायला सांगा.

याच आठवड्यात घरच्या मोठ्यांची मुलाखत घ्यायला पाठवा. प्रश्न तीनच: तुम्ही शाळेत किती शिकलात आणि का थांबलात? तुम्हाला काय काय तोंडपाठ आहे? तुमच्या लहानपणी गोष्टी कोण सांगायचं? यातून हरिपाठ येतो, सप्ताहातली पारायणं येतात, कानबाई देवीची गाणी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हटलेली गाणी, भाद्रपदातली गुलाबाईची गाणी, रात्रभर चालणारं वहीगायन हे लोकगायन येतं. जी आजी ‘मी अडाणी’ म्हणते तिला शेकडो ओळी पाठ असतात.

इथे बहिणाबाई चौधरींचं नाव घ्यायला हवं. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातल्या इतरांनी कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मुलांना हे सांगताना ‘बघा, न शिकताही मोठं होता येतं’ असं वळण देऊ नका. त्यापेक्षा असं विचारा: सोपानदेवांनी जे केलं ते तुमच्या घरी कोणी केलंय का? आणि मग प्रत्येकाला घरच्या एका माणसाचं एक गाणं, म्हण किंवा गोष्ट ऐकून जशीच्या तशी लिहून आणायला सांगा. ते लिहिलेलं घरी नेऊन त्याच माणसाला वाचून दाखवायचं. वाचनाला नाक मुरडणारी मुलंही हे काम मन लावून करतात, कारण समोर ऐकणारं माणूस खरं असतं आणि चूक झाली तर तेच दुरुस्त करतं.

पाचवं पाऊल: प्रत्येकाशी पाच मिनिटं

आता वह्या हाताशी आहेत. मधल्या सुट्टीत किंवा इतर मुलं मूक वाचन करत असताना एकेकाला बाजूला घ्या. पटावर चाळीस मुलं असतील तर हे काम महिनाभर चालेल, चालू द्या. ‘कोणतं पुस्तक आवडतं?’ हा प्रश्न टाळा, कारण ज्याने पुस्तकच धड पाहिलेलं नाही तो गोंधळतो आणि पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव सांगतो. ‘तुझ्या वाटेवर इथे झाड काढलंस, तिथे काय झालं होतं?’ असं विचारा. ‘कशाबद्दल तासभर बोलू शकतोस?’ हाही चांगला प्रश्न आहे. बैल, कुस्ती, मेंदी, बाइकचं इंजिन, भूत, यूट्यूबवरचे प्रयोग, काहीही निघेल. ते लिहून ठेवा, पुस्तक शोधताना तेच कामी येतं.

बोलून झाल्यावर अडचण कुठल्या जातीची आहे ते ठरवा. साधारण चार प्रकार दिसतात.

काहींना वाचताच येत नाही. हे ओळखायला खालच्या इयत्तेच्या पुस्तकातलं एक पान एकट्यात वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पानाच्या आत पाचही बोटं दुमडली तर ते पान सध्या त्याच्यासाठी जड आहे. कुठे अडतं ते बघा. रफार, जोडाक्षरं, वेलांटी की लांब वाक्य? आठवीच्या मुलाला पहिलीचं चित्रमय पुस्तक सर्वांसमोर दिलं तर तो अपमान आहे. त्याला एक काम द्या: दुसरीच्या मुलांना रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची, आणि त्यासाठी आदल्या दिवशी तुमच्यासोबत सराव करायचा. सोपं पुस्तक हातात धरायला त्याला मानाचं कारण मिळतं. सोबत जोडाक्षरांचा सराव वेगळा हवाच. नातं कितीही उलगडलं तरी अक्षर न येणाऱ्याला अक्षर शिकवावंच लागतं.

काहींना वाचता येतं, पण वाचन म्हणजे परीक्षा असं डोक्यात बसलेलं असतं. उतारा दिसला की ते आधी प्रश्न बघतात. त्यांच्या बाबतीत सत्रभर एक नियम पाळा: अवांतर पुस्तकावर एकही प्रश्न नाही, सारांश नाही, ‘यातून काय बोध घेतलास’ तर मुळीच नाही. पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. दहा पानं वाचून नाही रुचलं तर परत करायचं, कारण एका ओळीत वहीत लिहायचं. ‘माणसं फार आहेत, लक्षात राहत नाहीत’ असं लिहिणाऱ्या मुलाने आपल्या आवडीबद्दल काहीतरी नेमकं शोधलेलं असतं.

काहींची अडचण जागेची, वेळेची आणि पुस्तकाची असते. भावंडं सांभाळणं, गुरं, पाणी भरणं, रात्री टीव्ही. त्यांना घरी वाचायला सांगण्यात अर्थ नाही. शाळेतच दिवसातली पंधरा मिनिटं राखून ठेवा, परिपाठानंतर लगेच, म्हणजे ती कापली जात नाहीत.

आणि काहींना जखम झालेली असते. त्यांना घाई करू नका. महिनाभर नुसतं ऐकू द्या. तुम्ही रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, क्रमशः, रंगात आलं की थांबा. हे चारही प्रकारच्या मुलांना उपयोगी पडतं, पण या मुलांना सर्वांत जास्त. दहावीच्या वर्गालाही वाचून दाखवलेलं आवडतं, लहान पोरांसारखं वाटेल अशी भीती बाळगू नका.

सहावं पाऊल: पुस्तकं आणायची कुठून

शाळेच्या कपाटापासून सुरुवात करा आणि ते कुलूपबंद असेल तर आधी किल्ली मिळवा. पुस्तकं फाटतील, दाखल नोंदवहीत हिशेब लागणार नाही, ही भीती मुख्याध्यापकांना असते. वर्षाला काही पुस्तकं वापरून जीर्ण होणारच, ते आधीच बोलून घ्या. नोंदीचं काम मुलांकडे सोपवा, ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालयं अनेक मोठ्या गावांत आहेत. तिथे बालविभाग असतो, पण मूल एकटं जात नाही. पहिल्या खेपेला वर्गच घेऊन जा. जळगावात वल्लभदास वालजी वाचनालय आणि धुळ्यात गरुड वाचनालय ही जुनी नावं आहेत. सहलीत अर्धा तास तिथे काढला तरी मुलांना कपाटांच्या रांगा पाहायला मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रगोष्टी विनामूल्य आहेत, छापूनही घेता येतात. पाचवं पाऊल करताना टिपलेले विषय समोर ठेवून निवडा. बैलावर बोलणाऱ्याला बैलाचं द्या.

अहिराणी, पावरी किंवा भिलीतलं छापील साहित्य मुलांसाठी कमीच मिळतं. तिथे मुलांनी मोठ्यांकडून उतरवून आणलेली गाणी आणि गोष्टी कामाला येतात. त्या सुवाच्य लिहून, चित्रं काढून, शिवून वर्गाचं पुस्तक बनवा. खानदेशात याला चांगली परंपरा आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढत असत. कागद, शाई आणि ज्याच्यासाठी लिहायचं तो वाचक समोर, एवढ्यावर ते चालायचं. आपल्याकडे आता झेरॉक्सही आहे. वर्गाच्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती काढल्या की त्या घरोघरी फिरतात आणि ज्या घरात छापील काहीच नव्हतं तिथेही वाचलं जातं.

सातवं पाऊल: पुन्हा त्या दोन पानांकडे

सत्राअखेरीस वाचनाची वाट काढलेली पानं उघडायला सांगा आणि वाट पुढे वाढवायला सांगा. मग एक पान मोकळं लिहू द्या: ‘माझं आणि वाचनाचं’. एखादं मूल लिहील, ‘मला अजून गोष्टी आवडत नाहीत, पण यंत्रांची माहिती आवडते, आणि गोंगाट नसेल तरच वाचता येतं.’ हे उत्तम उत्तर आहे. त्याला स्वतःची गरज कळली आहे आणि पुढच्या वर्षी तो ती कोणालाही सांगू शकेल. ‘मला आता वाचन खूप आवडू लागलं आहे’ या छापाची पानं जास्त आली, तर मुलं तुम्हाला खूश करायला बघत आहेत असं समजा आणि पुढच्या वेळी गुण नसल्याची आठवण अजून ठळक द्या.

पालकसभेत वह्या दाखवू नका. पालकांना दोनच गोष्टी सांगा: मूल वाचत असताना त्याला कामाला हाक मारायची झाली तर पान संपेपर्यंत थांबा, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडून काहीही वाचून घ्या, पेपरातली बातमी किंवा खताची पिशवी चालेल. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसोबत वही आणि दोन पातळ पुस्तकं बांधून द्या, परत येतील याची हमी न मागता.

वर्ष संपलं की वही मुलाची, ती त्याच्याकडे राहील. तुम्ही टिपलेली माहिती मात्र पुढच्या वर्गशिक्षकांना द्या. मुलाने गुपित ठेवलेलं त्यात काही नको. प्रत्येकाच्या नावापुढे अडचणीचा प्रकार, आवडीचा विषय आणि उपयोगी पडलेलं एखादं पुस्तक, एवढ्या तीन गोष्टी लिहिलेला एक कागद जूनमध्ये त्यांच्या टेबलावर पोहोचवा.